काळी कोंबडी, रस्त्यापलीकडून

कोंबड्या पाळायच्या की नाही, यावर या घरात एकदाही चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती कुठल्या पाळायच्या यावर, आणि ती सकाळच्या चहाबरोबर सुरू झाली ती टोस्ट संपले तरी चालूच होती. पहिला प्रश्न कोणी काढला नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. कोंबड्या आल्या की माई जागची हलणार नाही. नाही आल्या तर ती दादाच्या फ्लॅटमध्ये जाणार, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या बाथरूममध्ये दादाने आधीच स्टीलचे दांडे बसवून घेतले होते. दांडे बसवल्यापासून तो स्वतःच ते धरून आंघोळ करायचा आणि त्याला ते आवडायला लागले होते, ही गोष्ट वेगळी.

"मी म्हणते, ठिपक्यांच्या घेऊ," धाकटी म्हणाली. दादाची ही बहीण माईजवळ राहायची आणि अजूनही दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायची. "एकीसारखी दुसरी नसते. परसात नुसत्या फिरल्या तरी बघत बसावं."

"पाटी रंगवायची नाहीये, अंडी खायची आहेत," मामा म्हणाला. हा माईचा भाऊ. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून रिटायर झालेला. "लाल घ्या. ऱ्होड आयलंड रेड. ऊन असो, थंडी असो, तिला फरक पडत नाही. मेंटेनन्स शून्य."

"मामा, कोंबडी आहे ती."

"म्हणूनच सांगतोय. वर-खाली करणाऱ्या कुठल्याही वस्तूचा मी आधी मेंटेनन्स बघतो. ती पांढरी लेगहॉर्न घे. अंडी भरपूर, कबूल. पण जरा खुट्ट झालं की थेट छपरावर. मग लावा शिडी."

"काळ्या घ्या," दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दादा कोंबड्यांच्या बाजूने बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. इतका वेळ तो बशीतले टोस्टचे चुरे एका रेषेत लावत बसला होता.

"ऑस्ट्रालॉर्प," तो पुढे म्हणाला. "शांत जात. उडत नाही, पायात येत नाही, आरडाओरडा नाही. अंडीही चांगली देते. मी सगळं वाचलंय."

"तू?" धाकटी म्हणाली. "तू वाचलंस?"

"का? फ्लेक्स छापणाऱ्याने वाचू नये?"

इथे वहिनीचा उजवा पाय टेबलाखाली दाबला गेला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, लोकांना गाडी शिकवायची. समोर काही आदळणार असं वाटलं की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, मग ब्रेक असो वा नसो. फ्लेक्स हा शब्द या घरात जपून वापरायचा असतो. अण्णांची, म्हणजे वडिलांची, पाट्यांची खोली रिकामी करून दादाने तिथे मशीन आणलं, त्या दिवसापासून त्याने ब्रश हातात धरला नव्हता. मशीन पुढे बाजारातल्या नव्या जागेत गेलं आणि अण्णाही गेले, पण तो शब्द घरातच राहिला.

"काळी छानच असेल," वहिनी घाईने म्हणाली. "लालही छान. ठिपक्यांचीही."

"सूनबाई, तू मत देतेयस की सिग्नल?" माईने विचारलं.

माई खिडकीकडे तोंड करून बसली होती. आवाज येईल तिकडे ती मान वळवायची, अगदी बरोबर वळवायची, फक्त किंचित उशिरा.

"भांडू नका," ती म्हणाली. "आपण बघू. रस्त्यापलीकडून."

कोंबड्यांचे फोटो दाखवायला काढलेला मामाच्या हातातला मोबाईल आपोआप बंद झाला. निदान त्याने नंतर तसं सांगितलं.

रस्त्यापलीकडून बघणं हा अण्णांचा नियम. हातभर अंतरावरून कुठलीही पाटी चांगली दिसते, ते म्हणायचे. लावायच्या आधी रस्ता ओलांडायचा आणि तिकडून बघायचं. तिथून जेवढं दिसतं तेवढंच खरं. हळूहळू नियम पाट्यांपुरता राहिला नाही. पडदे, सायकली, धाकटीचा चष्मा, सगळं रस्त्यापलीकडून पास होऊन घरात आलं. वहिनीला दादाने पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा अण्णा "या, बसा" म्हणायच्या आधी चपला घालून रस्ता ओलांडून गेले होते. परत येऊन म्हणाले, "ठळक आहे." लग्न त्यावरच ठरलं.

आता प्रश्न एवढाच होता की माईला रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं.

हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की ते फक्त आपल्यालाच माहीत आहे. धाकटीने परसाच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरे पट्टे ओढले होते आणि त्याला ती डिझाइन म्हणायची. मामा रोज येऊन मोठ्याने पेपर वाचायचा. डॉक्टरांनी फुप्फुसांसाठी सांगितलंय, असं तो म्हणे. वहिनीने घरातले सगळे तपकिरी कप कोणाला तरी देऊन पांढरे आणले, सेल होता म्हणून. माई स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरकडे एकटी रिक्षाने जायची आणि येऊन सांगायची, "वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले." कोणाच्या वयाच्या, ते ती सांगत नसे.

आणि दादा. नव्या जागेत मशीन लावलं त्या दिवशी त्याने माईला पहिला बॅनर दाखवला होता. पोऱ्यांनी तो घाईत उलटा टांगला होता, अक्षरं पाय वर करून. माई समोर उभी राहिली, मान तिरकी करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान. सुटसुटीत आलंय." दादाने कोणाला सांगितलं नाही. त्याने घरी जाऊन दांडेवाल्याला फोन केला.

*

पिल्लांचं दुकान बाजाराच्या मागच्या रस्त्यावर होतं. वहिनीने गाडी अशी लावली की शिकाऊ लोकांनी येऊन बघावी. दुकानात खोक्यांवर बल्ब लोंबत होते आणि खोक्यांच्या आत शेकडो पिल्लं एकाच वेळी एकच तक्रार करत होती. भिंतीशी पिंजऱ्यांत मोठ्या कोंबड्या होत्या, प्रत्येक जातीच्या, पिल्लू पुढे कसं दिसेल ते कळावं म्हणून.

"मोठ्या विकायच्या नाहीत. नमुना आहे," पिल्लंवाली बाई म्हणाली.

"विकत नकोत," मामा म्हणाला. "जरा हातात धरून बाहेर उभं राहायचंय. आमच्या ताईला रस्त्यापलीकडून बघायचं आहे."

पिल्लंवालीने आजवर बरीच गिऱ्हाइकं पाहिली असणार. "पळाली तर तुमची," एवढंच ती म्हणाली.

वहिनी माईचा हात धरून रस्ता ओलांडायला निघाली. तिने येताना गाडीतच योजना आखली होती. शालीखालून माईचं मनगट दाबायचं. एकदा दाबलं की लाल, दोनदा ठिपक्यांची, तीनदा काळी. माई फटाफट ओळखेल, आपला नवरा गप्प बसेल, विषय संपेल. त्या दांड्यांना ती स्वतः कंटाळली होती. योजनेत एकच उणीव होती, ती माईला सांगायची राहिली होती.

दुकानात मामा लाल कोंबडीच्या पिंजऱ्यासमोर उभा होता. कोंबडी उत्तम होती. पण बाहेर उभं राहिलं की मागे तपकिरी फाटक, शेजारी तपकिरी कपाटं विकणारं दुकान. लाल-तपकिरी रंग तर ताईला आता पेपरच्या अक्षरांइतकाच दिसत असणार. तिने भाच्यासमोर चुकायला नको. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि शेजारच्या पिंजऱ्यात हात घालून लेगहॉर्न उचलली. छपरावर गेली तर गेली. शिडी आपल्याकडे आहे.

धाकटीने ठिपक्यांची कोंबडी काखेत धरली होती. तिने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. किती सुंदर, आणि दुरून बघितलं तर नुसता करडा धूर. तिने ती परत ठेवली. दुसरी पांढरी पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात होती.

दादाने काळी उचलली ती उचललीच. कोंबडी खरंच शांत होती. त्याच्या गडद निळ्या स्वेटरला टेकून ती अशी बसली, जणू तिचा तिथे पास निघाला होता. काळी निवडायची त्याच्याकडे दोन कारणं होती. एक, पांढरी कोंबडी घाबरून पायात आली की माई पडणार. काळी येत नाही. दुसरं, काळी तिला दिसणार नाही, सगळ्यांसमोर दिसणार नाही, आणि मग कोणाला तिसऱ्या मजल्याविरुद्ध बोलता येणार नाही. दोन्ही कारणं खरी होती. यातलं आधी कुठलं सुचलं, हे तो स्वतःला विचारत नव्हता.

तिघं बाहेर येऊन ओळीत उभे राहिले. तेव्हा मामाने धाकटीकडे बघितलं आणि धाकटीने मामाकडे.

"तुझी ठिपक्यांची?" मामा ओठ न हलवता म्हणाला.

"तुमची लाल?"

"मेंटेनन्सला गेलीय."

पलीकडून वहिनीने दोन पांढऱ्या आणि एक काळी पाहिली आणि तिचा पाय फुटपाथवर दाबला गेला. पांढरीसाठी काही ठरलंच नव्हतं. घाबरून तिने माईचं मनगट नुसतं दाबत सुटायला सुरुवात केली.

"सूनबाई, तू माझी नाडी बघतेयस की पीठ मळतेयस?" माई म्हणाली. मग तिने हनुवटी वर केली, अण्णांसारखी, आणि बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. "बाळूच्या हातात पांढरी."

मामा सत्तरीला टेकला होता, पण ताईसाठी बाळूच. त्याने श्वास सोडला.

"धाकटीच्या हातातही पांढरी. दोघं सारखीच कशी काय? बरं, असो." माईची मान हळूहळू दादाकडे वळली. तिथे ती थांबली. एक सायकल गेली, एक टेम्पो गेला. "दादाच्या हातात काही नाही. नुसताच हात पुढे करून उभा आहे. काहीतरी मागत असल्यासारखा."

काळी कोंबडी दादाच्या हातात मान फिरवून सगळ्यांकडे बघत होती. ती होती, चांगली वजनदार होती.

झालं होतं. दादाला हवं होतं तेच, साक्षीदारांसमोर. आता फक्त रस्ता ओलांडायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, माई, चल घरी. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण पलीकडे माई अजून त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या जरा डावीकडे, विजेच्या खांबाकडे बघत होती, आणि हसत होती. पाटी पास झाल्यावर हसायची तसं. आणि दादाला एकदम अण्णा आठवले. त्याने पहिल्यांदा रंगवलेली पाटी घेऊन ते रस्त्यापलीकडे उभे होते. अक्षरं दिसत नव्हती आणि दादा रडायच्या बेतात होता. अण्णा तिकडून ओरडले होते, "अक्षर चांगलं आहे रे! जमीन चुकली आहे. अक्षराला दोष देऊ नकोस, मागचा रंग बदल!"

"मामा, धर हिला," दादा म्हणाला.

"माझ्या हातात एक आहे."

"दुसऱ्या काखेत धर."

दादाने स्वेटर काढला. मग शर्टची बटणं. थंडी चांगलीच होती. शहरात त्याला लोक ओळखत होते. समोरच्या दुकानाचा बोर्ड त्यानेच छापला होता. तो बनियनवर उभा राहिला. बनियन पांढरंशुभ्र होतं, वहिनी त्या बाबतीत कडक होती. एका स्कूटरवाल्याने वेग कमी केला, बघितलं, आणि आपल्याला काही झालेलं नाही ना अशा चेहऱ्याने पुढे गेला. दादाने कोंबडी परत घेतली आणि छातीसमोर धरली.

"आता?" तो ओरडला.

माईचं हसू गेलं. तिने वहिनीचा हात सोडला आणि एक पाऊल फुटपाथच्या कडेला आली.

"आता आहे," ती म्हणाली. तिचा आवाज आता बाजारासाठी नव्हता, पण सगळ्यांना ऐकू आला. "काळी आहे. चांगली भरलेली आहे. तुरा लाल आहे का, ते विचारू नकोस."

"लालच आहे."

"मग झालं."

*

दुकानाच्या पायरीवर माई बसली आणि दादा शेजारी, स्वेटर मांडीवर घेऊन. बाकीचे तिघं आत पिल्लं बघण्यात गुंग असल्याचं दाखवत होते.

"घाल तो अंगात. काकडतोयस."

"तुला दिसतंय?"

"आवाजावरून कळतंय. दात वाजतायत तुझे." मग ती म्हणाली, "कधीपासून माहीत आहे?"

"बॅनर उलटा होता, माई."

"होता ना? मला जरा शंका आली होती. म्हटलं, नवीन पद्धत असेल."

दादाला हसू आलं. "डॉक्टर खरं काय म्हणाले?"

"जेवढं आहे तेवढं राहील म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. पांढरं असलं, किंवा पांढऱ्यावर काळं, तर दिसतं. मधलं सगळं विरघळलंय." तिने चाचपून त्याचा हात धरला. "तुझ्या घराचा रंग कुठला आहे रे?"

दादा विचारात पडला. त्याने आणि वहिनीने तो तीन रविवार घालवून निवडला होता. "मधला," तो म्हणाला.

"तिथे मी दिवसभर दांडे धरून उभी राहीन. दांडे चांगलेच असणार. पण बाळा, परस मला पाठ आहे."

"आणि पडलीस तर?"

"तिथेही पडेन. फक्त तिसऱ्या मजल्यावर."

आतून पिल्लंवाली ओरडली, "ठरलं का? का अजून कोणी कपडे काढायचं राहिलंय?"

काळ्यांची पिल्लं पाठीवर काळी आणि पोटाशी पिवळसर पांढरी होती, वरून शाई सांडल्यासारखी. माईने खोक्यात दोन्ही हात घातले आणि हातांवर चढतील तेवढी घ्यायची असं ठरलं.

"यात कोंबडे किती निघतील?" मामाने विचारलं.

"मोठे झाले की तेच सांगतील," पिल्लंवाली म्हणाली. "एका कोपऱ्यात बल्ब लावा. पिल्लं त्याच्याखाली दाटीवाटीने बसली तर थंडी आहे, पार लांब पळाली तर उकडतंय. मध्ये पसरून बसली की बरोबर."

"थर्मोस्टॅट," मामा आदराने म्हणाला.

परतताना खोकं माईच्या मांडीवर होतं आणि वहिनी इतकं हळू चालवत होती की मागच्या सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. धाकटी पुढे बसली होती. मामाने डोळ्यांचा विषय काढू नये म्हणून सगळे थर्मोस्टॅटवर बोलत राहिले. शेवटी माईच म्हणाली, "कपांचा सेल नव्हता ना गं, सूनबाई?"

वहिनीने ब्रेक दाबला. या वेळी खरा होता.

"नव्हता," ती म्हणाली.

"बाळू, तुझी फुप्फुसं?"

"घोड्यासारखी आहेत, ताई."

"वाटलंच. पेपर मात्र वाचत जा. आवडतो मला."

*

घरी आल्यावर पिल्लांना बल्बखाली सोडलं आणि ती मध्ये पसरून बसली. मामाने ते सगळ्यांना एकेक करून बोलावून दाखवलं. दादा तेवढ्यात परसात जाऊन उभा राहिला. मागच्या गल्लीकडे बुटकं कुंपण, अलीकडे मोकळी जागा, आणि त्यामागे घराची मागची भिंत. भिंत मळकट मातकट होती. मधल्या रंगाची.

"चुना आहे का गं?" त्याने धाकटीला विचारलं.

"आहे."

"आणि ब्रश?"

धाकटी आत गेली आणि अण्णांचा रुंद ब्रश घेऊन आली. दादाने केसांवरून अंगठा फिरवला. मऊ होते.

"कोण धुतं हा?"

"मीच. तू मागशील म्हणून नाही हं. सवय आहे."

"बरं."

"मनगट सैल ठेव. विसरला असशील."

"मला शिकवतेस?"

"हो."

त्याने पहिले हात वाकडे मारले. मग शिडीवर चढला आणि हाताला आठवायला लागलं. धाकटी खालचं रंगवत होती, तो वरचं. दोघांची रेघ भिंतीच्या मध्यावर येऊन भेटली आणि त्यांनी एकमेकांच्या रेघेला नावं ठेवली. चुना ओला असताना काही झाल्यासारखं दिसत नाही. वहिनीने पांढऱ्या कपांतून चहा आणला आणि सगळे पायऱ्यांवर, पांढऱ्या पट्ट्यांवर, भिंत वाळायची वाट बघत बसले. ती कडेने उजळायला लागली. आधी वरचा कोपरा, मग हळूहळू सगळी. उतरतीचं ऊन तिच्यावर आलं तेव्हा मामानेसुद्धा डोळे बारीक केले.

"चला," माई उठली. "मला गल्लीपलीकडे न्या."

वहिनी निघाली, पण माईने हात हलवून तिला थांबवलं. ती स्वतःच फाटकापर्यंत गेली, कडी काढली, गल्ली ओलांडली आणि पलीकडच्या कुंपणाला पाठ टेकून वळली. परस तिला पाठ होतं. गल्लीही असणार.

दादा भिंतीसमोर उभा होता, परत त्याच निळ्या स्वेटरमध्ये, हातात ब्रश.

माई बराच वेळ बघत राहिली. या वेळी तिची मान खांबाकडे नव्हती.

"काय गं?" दादाने विचारलं. "कुठे सुटलंय का?"

"नाही. दादा, तू दिसतोयस."

त्याने ब्रश खाली केला.

"गेलं वर्षभर नुसता आवाज होतास. आता आख्खा आहेस. हलू नकोस जरा."

दादा हलला नाही. ब्रशमधून चुना टपकून त्याच्या बुटावर पडत होता. धाकटीने तोंड फिरवून पिल्लांकडे बघायला सुरुवात केली, आणि मामाने पेपर वाचायचा चष्मा पुसायला काढला, जो त्याला आत्ता लागत नव्हता.

"जाड झालोय का?" दादाने विचारलं.

माईने मान तिरकी केली, अण्णांसारखी.

"ठळक आहेस," ती म्हणाली.